भाड्याचा कावळा

मु. रिठावाडी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
वैशाख वद्य सप्तमी, सन २००२

रा. रा. शिवशंकरराव यांसी ग्यानबाचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, आपली कन्या चि. प्रियदर्शनी हिच्या लग्नापासून आपल्या दोन घरांत पत्रव्यवहार नाही. आपण, वहिनी व मुलंबाळं खुशाल असाल अशी आशा करतो. वहिनींच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल. हिंगोली जिल्ह्याचं गाव झाल्यापासून आपल्या दारावरून साहेबलोकांच्या गाड्या जात असतील, म्हणजे आता घरात येणारी धूळही पहिल्यापेक्षा वरच्या दर्जाची असेल. इकडील विचाराल तर सर्व क्षेम आहे. मी चैत्रात वारलो हे आपणांस ठाऊक आहेच. त्याखेरीज तब्येतीची काही तक्रार नाही. दम लागत नाही, आणि तीस वर्षं शाळेत खडू खाऊन जमलेला खोकला चितेवरच राहिला. डॉक्टर सारखे म्हणायचे, साखर सोडा. ती सुटली, फक्त त्यासाठी जरा लांब जाऊन यावं लागलं.

फोनच करणार होतो. पण बाळापूरच्या एसटीडी बूथवाल्याने काचेवर पाटी लावली आहे, 'मयतांनी आत येऊ नये.' रिसिव्हरला राख लागते म्हणतो. (त्या रिसिव्हरला याआधी काय काय लागलेलं होतं हे सगळ्या बाळापूरला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.) म्हणून हे पत्र. कागदावर कुठे काळं बोट उमटलेलं दिसलं तर झटकून वाचावे.

माझ्या मौतीला आपण आला होतात, असं आपल्या भगिनी गोजरबाईकडून कळलं. उपकार झाले. त्या दिवशी मला उठून 'या, बसा' म्हणता आलं नाही, याचा राग मानू नये. आपण लांब लिंबाखाली उभे होतात आणि पाणीसुद्धा न पिता दुपारच्या एसटीने परत गेलात, हेही कळलं. पाहुण्याच्या दारातून उपाशी जायचं ही आपल्या दोन्ही घरांची रीतच पडली आहे म्हणा. त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. ते मी केव्हाच विसरलो आहे.

मरण तसं सुखाचं आलं. बाळापूरच्या बाजारात लोणच्याच्या कैऱ्यांचा भाव करत होतो. माळीणबाई उतरेना, मी हटेना. शेवटी ती म्हणाली, "घ्या गुरुजी, तुमचंच खरं." आता तुमच्या बहिणीबरोबर इतका संसार करून हे वाक्य माझ्या कानावर कधी पडलेलं नव्हतं, त्यामुळे काळजाला ते एकदम झेपलं नाही. कैऱ्या आणि मी एकाच काळ्यापिवळ्या जीपने घरी आलो. कैऱ्यांचं लोणचं झालं. माझं काय झालं ते सांगतो, पण त्यासाठी आधी कावळ्यांचं सांगावं लागेल.

आपल्याला आठवत असेल, आमच्या ओढ्याकाठी, दहाव्याच्या जागेवर, तीन पिंपळ होते आणि त्यांवर मावणार नाहीत इतके कावळे होते. दहाव्याला पिंड ठेवला की कावळा यायचा. नाही आला, तर माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजून घरची माणसं हात जोडून एकेक कबूल करत सुटायची. 'म्हाताऱ्या आईला नीट बघतो,' 'बांध कोरणार न्हाई,' 'धाकल्याला घरातून काढणार न्हाई.' बरोबर वाक्य आलं की कावळा झडप घालायचा. मी नीट विचार करून सांगतो, शिवशंकरराव, गावात खरं बोललं जायचं ते फक्त या एका जागेवर, आणि तेही एका पक्ष्याच्या धाकाने. पुढे वारंगा फाट्यावर हॉटेलं आणि धाबे वाढले. ट्रकवाले अर्धं ताट टाकून उठतात. तर्रीत भिजलेली रोटी, कोंबडीची हाडं, भजी. हे खाल्लेला कावळा आमच्या फिक्या भाताच्या गोळ्याकडे कशाला बघतो? सगळे कावळे फाट्यावर राहायला गेले. (माणसांनी गाव सोडून फाट्यावर दुकानं टाकली तेव्हा प्रगती म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. कावळ्यांनी तेच केलं तर आम्ही त्यांना बेइमान म्हटलं.)

मग दहाव्याला तासन् तास बसणं आलं. पाहुण्यांची एसटी चुकायला लागली. कबुल्याही वाढायला लागल्या. कावळाच नसल्यामुळे माणसं घाबरून नको नको ते कबूल करायची आणि ते पंचवीस पाहुण्यांसमोर! अशा वेळी गावाच्या मदतीला जगन धावून आला. जगन म्हणजे आमच्या इथला मंडप-डेकोरेशनवाला. त्याने फाट्यावर घरट्यातून पडलेलं एक कावळ्याचं पिल्लू आणलं, शेवभाजी चारून वाढवलं आणि तयार केलं. टाळी वाजवली की कावळा उठतो, पिंडाला चोच लावतो, परत जगनच्या खांद्यावर. खुर्च्या, सतरंज्या, पाण्याची टाकी आणि कावळा, सगळं एकाच टेम्पोत. लोक इतके खूश झाले की काय सांगू. कबूल करायला तोंड उघडावं लागत नाही, लाज नाही, खोळंबा नाही. ज्यांचे आईबाप अजून ठणठणीत होते ते उगाच जगनकडे चौकशी करून ठेवायला लागले.

पहिली उठली भागूबाई. सावंतांची. दहाव्याला जगनचा कावळा सगळ्यांची चप्पल पायातून निघायच्या आत पिंडाला शिवला होता. दुसऱ्या दिवशी भागूबाई ओढ्याकडून चालत आली आणि चुलीपुढे तिच्या रोजच्या पाटावर बसली. जळालेलं माणूस परत कसं येतं, हे आपण विचाराल. हिंगोलीची माणसं, पुरावा मागणारच. मला आतून अनुभव असूनही ठाऊक नाही. जाग आली तेव्हा अंगावर धोतर होतं आणि धोतरात अंग होतं, दोन्ही राखाडी. भूक नाही, तहान नाही, झोप नाही. बसून उठलो की बसल्या जागी थोडी राख राहते. गोजरबाई मागून झाडत येते आणि ती राख भांडी घासायला नेते. (आयुष्यभर मी तिच्या काही कामाचा नव्हतो अशी तिची तक्रार होती. आता शेजारणी वाटी घेऊन येतात. पितळेला गुरुजींच्या राखेसारखी चकाकी कशानेच येत नाही म्हणे.)

तर भागूबाई तीन आठवडे चुलीपुढून हलेना. तिची सून रुक्माबाई फटकळ, आपण तिला ओळखता. शेवटी तिने विचारलं, "आता काय राह्यलं तुमचं? काहून बसल्या उरावर?" म्हातारी म्हणाली, "माझ्या हातची आंबाडीची भाजी कशी व्हती, येवढं सांग. तीस वर्सं खाल्ली, एकदा बी बोलली न्हाई." रुक्माबाईने पदर खोचला, दोन दिवस रागाने भांडी आपटली, पीठ मळता मळता तिसऱ्या दिवशी पाठ फिरवून म्हणाली, "चांगली व्हती. मला तशी जमत न्हाई." एवढं ऐकलं, आणि भागूबाई जागच्या जागी राखेचा ढीग झाली. रुक्माबाई त्या ढिगाजवळ बसून जी रडली, ती दहाव्याला रडायला पाहिजे होती. तेव्हा गावाला कळलं की गडबड कुठे झाली. कावळा शिवला म्हणजे इच्छा फिटली असं नव्हे. ती बोलून फिटायची. आम्ही बोलणं काढून टाकलं होतं आणि कावळा तेवढा ठेवला होता.

आपण म्हणाल, मग जगनचा कावळा बंद केला असेल. छे! उलट मागणी वाढली. कारण तोवर मेलेल्यांचे फायदे गावाच्या लक्षात आले होते. शेतावर मेलेला माणूस लावला तर भाकर नको, पाणी नको, विडी नको, उन्हात सावली नको. हळद शिजवायच्या कढईशी जिवंत माणूस तासाभरात घामाघूम होतो. आमचा एक मयत दिवसभर उभा राहिला आणि वर विचारतो, दुसरी कढई कुठाय? ज्यांची इच्छा राहिलेली असते ना, ती माणसं काम फार मन लावून करतात. काही मुलांनी तर बापाची इच्छा काय ते मुद्दाम विचारलंच नाही. हंगाम होईपर्यंत असू द्या, म्हणाले.

त्यात मार बसला तो शेजारच्या बंजारा तांड्याला. तांड्यावरची माणसं हळदीच्या आणि सोंगणीच्या कामाला आमच्याकडे यायची. तांड्याचे नायक किसनसिंग एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्याकडे कोणी उठत नाही. त्यांचे विधी ते स्वतः करतात आणि मयताला जे सांगायचं ते तोंडाने सांगतात. किसनसिंग म्हणाले, "गुरुजी, तुमी चांगले माणूस, म्हनून सांगून राहिलो. जितं माणूस सांजच्याला भाकर मागते. तुमचं मेलेलं कायबी मागत न्हाई. मंग आमाला कोण बलावीन?" मी म्हणालो, नायक, मी तर नुसता बसून असतो. ते म्हणाले, "तुमी बसून असता, बराबर. पण आमचं पोट तुमच्यासारखं न्हाई ना." मग त्यांनी तांड्याच्या बायामाणसांना घेऊन चावडीवर मोर्चा आणला. घोषणा साधी होती, 'मेलेल्यांनो, मरा!' मयत मंडळी ऐकत उभी होती. त्यातल्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या. त्यांना पटलं होतं.

सरपंचांची अडचण वेगळी. मयत लोक मतदान आमच्याकडे पूर्वीपासूनच करत आले आहेत, पण ते न येता करायचे. आता स्वतः येतात, रांगेत उभे राहतात आणि मागच्या वेळी काय कबूल केलं होतं ते विचारतात. एका पुढाऱ्याची इच्छा अध्यक्ष व्हायची राहिली होती. तोही उठून आला. त्याची इच्छा कधी पुरी होणार नाही याची खात्री असल्यामुळे पक्षाने त्याला कायमचं तिकीट दिलं आहे. तलाठी आप्पांनी एका घरात वारस लावायला नकार दिला. म्हणाले, 'बाप समोर बसून चहाला नाही म्हणतोय, तो मेला असं मी कसं लिहू?' त्याच बापाला दुसऱ्या कचेरीत 'तुम्ही मेलेले आहात' म्हणून खुर्ची दिली नाही. आणि बायकांचा प्रश्न तर कोणी विचारातच घेतला नव्हता. मी परत आलो तेव्हा गोजरबाईचं कुंकू पुसून झालं होतं, बांगड्या फुटल्या होत्या. आता परत भरायच्या की नाही? गल्लीतल्या बायकांची बैठक बसली. एक म्हणाली भरा, दुसरी म्हणाली नको, तिसरीने विचारलं, "भाऊजी किती दिवस हायेत?" जणू काय मी पाहुणा आलो आहे. शेवटी गोजरबाईने आपल्या मनाने डाव्या हातात भरल्या आणि उजवा मोकळा ठेवला. म्हणाली, "अर्धे आले, अर्ध्या भरल्या."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. खरी तकलीफ पुढे आहे.

आपली भाची निलम हिचं बाळापूरच्या विकासशी जमलं आहे, हे आपल्या कानावर असेल. मुलगा सोन्यासारखा. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार भरून दुरुस्त करायचं दुकान आहे. मी गेल्यावर, म्हणजे परत आल्यावर, तो भेटायला आला, मला वाकून नमस्कार केला आणि कपाळाला माझी राख लागली तरी पुसली नाही. तिथेच मला तो पसंत पडला. (आधी पसंत केला होता तो गोजरबाईने. माझी पसंती मेल्यानंतरची आहे, पण खरी आहे.) दोघांची मनं जुळली आहेत. निलम बोलत नाही, पण तो आला की तिच्या हातून चहात साखर दोनदा पडते. अडलं आहे ते सुतकावर. मयत घरात बसलेला असताना सूतक फिटतं कसं? बाळापूरच्या जोशीबुवांना विचारलं. त्यांनी तीन दिवस पोथ्या पाहिल्या. ही वेळ पोथी लिहिणाऱ्यांवर आली नव्हती, त्यामुळे पोथीत काही नव्हतं. शेवटी त्यांनी अंदाजाने निकाल दिला. दहा दिवस तुम्ही पाळलेच आहेत, उरलं आहे ते फक्त गुरुजींचं निजणं. ज्या क्षणी ते राख होतील त्या क्षणी सूतक फिटलं. तोवर मांडव टाका, हळद लावा, पण अक्षता नाही.

व्याही तर त्याहून सरळ बोलले. "गुरुजी, राग नका मानू. सासरा असंल तर असावा, नसंल तर नसावा. हे मधलंच काय?" ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरला आहे. तो हुकला तर पुढे चातुर्मास, एकदम तुळशीच्या लग्नानंतर. आणि व्याही तोवर थांबणार नाहीत, कारण वारंगा फाट्यावर धाबा असलेल्या एका गृहस्थाने आपली मुलगी देऊ केली आहे. म्हणजे ज्यांनी आमचे कावळे नेले तेच आता जावईही नेणार. निलमला हे कळल्यापासून ती मला जास्तच जपते. काल माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, तुमी बसा. मला घाई न्हाई." तिच्या हाताला राख लागली होती. ती तिने ओढणीला पुसली नाही, तशीच मुठीत धरून आत गेली. शिवशंकरराव, मेलेल्या माणसाच्या छातीत काही नसतं असं म्हणतात. ते चूक आहे.

तर मला गेलं पाहिजे, आणि इच्छा सांगितल्याशिवाय जाता येत नाही. चावडीवर सगळ्यांसमोर विचारलं, गुरुजी, काय राहिलं? मी म्हणालो, लेकीचं लग्न. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, भाषणं झाली. मी राख होण्याची वाट बघत बसलो. काही झालं नाही. मग म्हणालो, शाळेला नवी खोली. काही नाही. ओढ्याकाठी परत पिंपळ लावा. (ते लावले. चांगलं झालं. पण मी आहे तिथेच.) गीता ऐकली, गंगाजल घेतलं. जगनने आपला कावळा दुसऱ्यांदा फुकट आणला, तर तो पिंडाऐवजी माझ्याच डोक्यावर बसला. रात्री गोजरबाई भाकरीची परात धुताना म्हणाली, "लग्नाची इच्छा माझी बी हाय. म्हनून काय म्या मेल्यावर उठून बसन? मोठी इच्छा माणूस सोडून देतं वो. बारीकच दातात अडकते. तुमचं कायतरी बारीक हाय." मी म्हणालो, माझं बारीक काही नाही. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' आपण भाऊ म्हणून लहानपणापासून ऐकत आला आहात, त्याचा अर्थ मी सांगायला नको.

तिला असं वाटतं की त्याचा संबंध चि. प्रियदर्शनीच्या लग्नाशी आहे. ते साफ चूक आहे. ते मी विसरलो आहे, हे वर लिहिलंच आहे. त्या दिवशी आहेराची नावं लाऊडस्पीकरवर पुकारत होते. मी घरचा जावई, म्हणून तिसऱ्या रांगेत, डाव्या खांबाजवळ, टोपी घेता यावी म्हणून जुनी टोपी काढून खिशात घालून बसलो होतो. माझं नाव पुकारलं. मी उठलो. आपण स्वतः माझ्या खांद्यावर टॉवेल टाकलात. मग टोपीसाठी ताटात हात घातलात, तर ताट रिकामं. शेवटची टोपी माझ्याआधी लग्नाला आलेल्या एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर गेली होती. त्याच्या डोक्यावर ती मोठीही होत होती. मी चारशे माणसांसमोर वाकलेल्या मानेने उभा. आपण म्हणालात, "गुरुजी, टोपी उद्या पाठवतो." लाऊडस्पीकर चालू होता. लोक हसले. मी न जेवता निघालो. मागून गोजरबाई आली आणि त्यानंतर तिने माहेरी पाऊल टाकलं नाही. माझ्यामुळे नाही, तिचं तिनेच. आठ वर्षांपूर्वीच्या अशा क्षुल्लक गोष्टी लक्षात ठेवणारा माणूस मी नव्हे.

असो. पत्राचा मुख्य हेतू एवढाच की लग्नाला आपण सहकुटुंब यावे. मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं. सख्खा मामा हिंगोलीत असताना दुसऱ्या कोणी निलमचा हात धरला तर गोजरबाईला सहन होणार नाही. एसटी बाळापूरपर्यंत आहे, पुढे जीप मिळते. वहिनींना पुढच्या सीटवर बसवावे, गुडघे दुखणार नाहीत. बाकी आपल्याकडून मला काही एक नको.

कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.

आपला,
ग्यानबा
(नावामागे कै. लिहिलेलं नाही. त्यावर गावात अजून एकमत नाही.)

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी गोजरबाईने हे पत्र निलमकडून वाचून घेतलं. ऐकून म्हणाली, "येवढं लांबलचक लिवलं, अन् मुद्द्याचं तेवढं काहून राह्यलं?" तेव्हा तिच्या आग्रहाखातर लिहितो. दहाव्याला ती पिंडासमोर हात जोडून उभी होती. 'शिवादादाकून टोपी आणवते, जा तुमी आता,' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जगनने टाळी वाजवली आणि त्याच्या कावळ्याने चोच लावली. लोक उठले, सतरंज्या गुंडाळल्या, आणि तिचं वाक्य तोंडातच राहिलं. परवा ती मला म्हणाली, "टोपीच ना?" मी नाही म्हणालो. पण माझ्या गुडघ्यांवरून थोडी राख घसरली, आणि ती तिला दिसली. तरी येताना एक टोपी आणावी. पांढरी, साधी. माप तेच आहे. डोकं मेल्यावर वाढत नाही, असा माझा अनुभव आहे.

ता. क. २. टोपी आदल्या दिवशी देऊ नये. पिशवीतून काढून दाखवूही नये. नुसती पाहूनच काम झालं तर सगळी व्यवस्था बिघडेल. मी सगळं ठरवलं आहे. मांडवाच्या दाराशी उजव्या हाताला खुर्ची टाकून मी बसेन. आपण निलमला हात धरून आणाल. तिथे जरा थांबावे. मला तिला नीट बघायचं आहे, आणि आता डोळ्यांत पाण्याऐवजी राख येते, त्यामुळे पुसायला वेळ लागतो. मग टोपी माझ्या डोक्यावर घालावी. मागे वळू नये, निलमलाही वळू देऊ नये. सरळ आत न्यावे. सूतक तिथल्या तिथे फिटेल, आत अक्षता पडतील. लाऊडस्पीकर चालू असला तर चालेल. नाव पुकारायला सांगितलंत तर हरकत नाही. गोजरबाईला हा बेत सांगितला. ती डाव्या मनगटाकडे बघत म्हणाली, "मंग ह्या बी काढाव्या लागतील." आणि थोड्या वेळाने, "लग्नाच्या दिवशी तरी राहू दे. सांजच्याला बघू."

ता. क. ३. टॉवेल आणू नये. टॉवेल तेव्हा मिळाला होता. तो मी वापरला नाही, ट्रंकेत होता. त्या दिवशी खांद्यावर घेऊन बसेन. आणि जेवल्याशिवाय जाऊ नये. माझ्या वाटचंही आपल्यालाच जेवायचं आहे, मागच्या वेळचंसुद्धा.